दंडावरचे निळे डाग

आत्यांची बरगडी मोडली तेव्हा त्यांना धरून मीच उभी होते. हे मी कधी कुणापासून लपवलं नाही, आणि माझ्यामागं जे काही लागलं ते तिथूनच लागलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. राहुरीच्या पुढं, मुळेच्या कालव्यावर भिजणारं आमचं गाव. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, नवरा कृषी विद्यापीठाच्या शेतावर नोकरीला जायचा. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. गावात एसटीडी बूथ नुकताच आला होता आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे नेवाशाच्या पाहुण्यांना त्याच दिवशी कळायची सोय झाली होती. आत्यांनी साठी ओलांडली होती, पण म्हशीची धार आणि घासाची कापणी त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एकदा म्हशीनं दाव्याला हिसका दिला आणि त्यांचं मनगट मोडलं. राहुरीत प्लॅस्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं. म्हशीच्या हिसक्यानं मनगट मोडतं, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

मग चारेक महिन्यांनी न्हाणीतली गोष्ट घडली. आत्या अंघोळ करून उठत होत्या. त्यांचा पाय सरकला, आणि मी मागून काखेखाली दोन्ही हात घालून त्यांना सावरलं. त्या पडल्या नाहीत. पण वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. त्यांना श्वास घेताना कळ यायला लागली. शेजारची काकू धावत आली. आत्या सरळ मनाच्या, त्यांनी जे झालं तेच सांगितलं, "पाय सरकला. हिनं धरलं आन् मोडलं."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. फक्त पाय सरकल्याचं त्यातून गळून गेलं.

तिसऱ्या दिवशी आक्का आली. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. नेवाशाकडच्या एका बाजाराच्या गावी तिला दिलेलं होतं. आईवर तिचा फार जीव. आत्यांचे गुडघे तीन-चार वर्षांपासून दुखायचे, आणि आक्काच्या गावच्या आठवडे बाजारात एक जण पत्र्याची पेटी मांडून झाडपाल्याची औषधं विकायचा. त्याची काळपट पूड ती दर महिन्याला एसटीनं येऊन आईला देऊन जायची. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, कोमट पाण्यातून. पूड सुरू झाली आणि आठवड्याभरात आत्या पाटावर बसायला-उठायला लागल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. उलट शाळेतल्या एका बाईंना मीच सांगितलं होतं की गोळ्यांपेक्षा हे बरं, पोटाला त्रास नाही.

त्या खेपेला आक्का राहायच्या तयारीनंच आली होती. आईला अंघोळ मीच घालणार, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. अंघोळ झाल्यावर तिनं भावाला हाक मारली आणि आत्यांच्या चोळीची बाही वर केली. दंडावर निळसर-जांभळे डाग होते. बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला एक. कुणाच्याही पाच बोटांचा हिशोब त्यात बसत होता.

"वैनी, हे कशाचं हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, न्हाणीत धरलं होतं त्याचं असेल. ते खरंच होतं. पण डाग दुसऱ्या दंडावरही होते, मनगटाच्या वर होते, एका पोटरीवरही होते. आत्या म्हणत राहिल्या की जरा कुठं लागलं की असंच होतं अलीकडं, आपोआप जातं. आक्कानं ते ऐकून घेतलं आणि बाही खाली केली. आई सुनेच्या धाकानं बोलत नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं असणार.

नवऱ्यानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो कामावरून लवकर यायला लागला, मी आत्यांना जेवायला वाढत असले की जवळ येऊन बसायला लागला. पहिले काही दिवस मला वाटलं, आईपाशी बसावंसं वाटत असेल. मग लक्षात आलं की तो माझ्या हातांकडं बघतोय.

संशय घरात शिरला की एकाच माणसावर थांबत नाही. मीही प्रत्येकाकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. शेजारची काकू भिंतीपलीकडं गप्प झाली की ती कान देतेय असं वाटायचं. आक्का फडताळ आवरायला घेई तेव्हा ती काय शोधतेय ते बघायला मी स्वयंपाकघरात उगीच चक्कर मारायचे. तिला आईला कायमचं आपल्याकडं न्यायचं असेल, म्हणून हे चाललंय, असंही मी ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःलाही सोडलं नाही. आपण चिडून जोरात तर धरत नाही ना, या शंकेनं मी एकदा दार लावून माझाच दंड दाबून पाहिला. चांगला दाबला. दुसऱ्या दिवशी काहीच उमटलं नव्हतं. त्यानं मला धीर यायला हवा होता, पण उलट जास्तच भीती वाटली. एवढ्या जोरानंही डाग पडत नसेल, तर आत्यांना मी किती जोरानं धरलं असेल?

बरगडीचं दुखणं कमी होईना, पाठही वाकायला लागली, म्हणून आम्ही त्यांना नगरला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. आक्का बरोबर होतीच. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आत्यांचे हात पाहिले आणि आम्हां तिघांनाही बाहेर बसायला सांगितलं. आत काय विचारलं ते आत्यांनीच नंतर सांगितलं. घरात कुणी हात उगारतं का, जेवायला नीट मिळतं का, हे त्यांनी विचारलं होतं. आत्यांचं उत्तर होतं, "सून लई जपती. हाडंच दगा द्याया लागली."

मला हायसं वाटलं. पण आक्काला ते पटल्याचं दिसलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. पाठीचा मणका विटेसारखा चौकोनी दिसायला हवा, म्हणाले. आत्यांचा एक मणका पुढून चेपला होता. हाडं आतून विरळ, ठिसूळ झालीत. पाळी गेल्यावर बायकांना असं होतं, पण इतक्या झपाट्यानं नाही. हाडांची घनता मोजायचं मशीन तेव्हा नगरला नव्हतं, पुण्या-मुंबईला जावं लागलं असतं. फोटोतच पुरेसं दिसतंय म्हणून त्यांनी तो आग्रह धरला नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी दिली, आणि नव्यानंच आलेली एक गोळी लिहून दिली. ती रोज सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही, नाहीतर अन्ननलिकेला भाजतं. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे का?

मी म्हणाले, गुडघ्यांसाठी एक पूड घेतात.

"झाडपाल्याची हाय ती, निस्ती," आक्का मध्येच म्हणाली.

पुढच्या खेपेला ती घेऊन या, एवढंच डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत आक्का पुटपुटत होती की या लोकांना आपल्या औषधावर विश्वास नसतोच. मीही तो विषय वाढवला नाही. माझ्या डोक्यात डाग होते, पूड नव्हती.

गोळी सुरू झाली आणि माझी पंचाईत वाढली. आत्यांना पहाटे उठल्या उठल्या चहा लागायचा आणि चहा पिऊन त्या परत थोडा वेळ पडायच्या. आता त्यांना ओट्यावर भिंतीला टेकवून बसवायचं, समोर घड्याळ ठेवायचं आणि अर्धा तास झोपू द्यायचं नाही. त्या पेंगायच्या, मी खांद्याला धरून जागं करायचे. "आत्या, अजून दहा मिनिटं." त्या म्हणायच्या, "आगं, घोटभर दे की." मी देत नव्हते. शेजारची काकू अंगणात सडा टाकताना हे रोज बघायची. एव्हाना आपल्या गावी परतलेल्या आक्काला बूथवरून बातमी पोचली ती अशी, की आजारी माणसाला सून चहा देत नाही, आडवं होऊ देत नाही, घड्याळ घेऊन समोर बसते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आक्का पुढच्या आठवड्यात आली ती ठरवूनच. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात एक म्हातारा हाडवैद्य होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचा मोडलेला हात त्यानं बसवलेला. आईला तिकडं न्यायचं, गोळ्या बंद करायच्या, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, नेऊ, पण मी बरोबर येणार. तिला ते आवडलं नाही. माझा हेतू काही फार चांगला नव्हता. तो म्हातारा कसलंतरी उकळलेलं पाणी पाजेल आणि माझ्या गोळ्या बंद करायला लावेल, अशी माझी खात्री होती. त्याला उघडं पाडायचंच म्हणून मी रजा टाकली. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये घेतली, आणि नवऱ्यासकट आम्ही निघालो.

अकोल्यापासून पुढं जीप. आत्यांना दणके बसू नयेत म्हणून खाली गोधडी दुमडून घातली होती. म्हातारा भाताच्या खाचरातून चिखलाच्या पायांनी वर आला. आक्का आणि नवरा आत्यांना जीपमधून उतरवत होते, तेवढ्यात मी त्याच्याकडं प्यायला पाणी मागितलं. त्यानं रांजणातून तांब्या भरून दिला. इतकंच आमचं बोलणं.

त्यानं आत्यांना घोंगडीवर बसवलं, मनगट चाचपलं, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवत खाली नेला. दंडाची कातडी दोन बोटांत हलकेच धरून पाहिली. मग बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. चेहरा असा गोल कधीपासून झाला, त्यानं विचारलं. आत्या अंगानं भरल्यात असंच आम्हाला वाटायचं, आणि पुडीनं मानवलं म्हणून आक्काला त्याचं कौतुकही होतं. पण हात-पाय काटक्यांसारखे आणि तोंड तेवढं गरगरीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आणिक काय खाती ही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आक्कानं पिशवीतून पूड काढून दिली, आठवड्यात गुडघे मोकळे झाले असंही सांगितलं. त्याला आपल्याच जातीचं औषध ओळखू येईल असं तिला वाटलं असावं. त्यानं वास घेतला, कणभर जिभेवर ठेवून थुंकला आणि पुडी परत दिली.

"ह्यात झाड नावाला हाय," तो म्हणाला. "आठ दिसात दुखनं पळवनारं झाड ह्या डोंगरात तरी मी पाह्यलं न्हाई. मोडल्यालं हाड मी बसवतो. हिचं हाड मोडल्यालं न्हाई बाई, कापड इरावं तसं इरलंय. ते माझ्या हातातलं न्हाई."

मी डॉक्टरांच्या गोळ्यांचं विचारलं. त्या बंद करायचं कारण नाही, म्हणाला. मग परसातून त्यानं कांडवेलीचा हातभर तुकडा तोडून आणला. चौकोनी, पेराची, हिरवीगार वेल. कोवळी कांडं चिंच घालून शिजवायची, तुपात परतायची आणि खायची. कच्ची खाल्ली तर तोंड खाजतं. मोडलेल्या हाडाला ती चांगली. पण हिच्यानं चेपलेला मणका उभा राहील, असं मी सांगणार नाही, हेही त्यानं बजावलं. ज्याला उघडं पाडायला मी गेले होते, तो एवढं बोलून पुन्हा खाचरात उतरला.

परतताना जीप संगमनेरला आली. तेव्हा आक्का म्हणाली, "पानी मागायच्या निमतानं तू त्याला काय सांगितलंस?"

मी काही सांगितलं नव्हतं. पण ती ते मानणार नव्हती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं.

आक्का तिच्या गावी गेली. दोन दिवस मी फडताळातल्या त्या डब्याकडं बघत होते. आता माझा सगळा संशय त्याच्यावर गोळा झाला होता, आणि इतक्या दिवसांनी संशय घ्यायला माणसाऐवजी वस्तू मिळाली याचं मला सुखही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी डबा पिशवीत घातला आणि सगळी पूड कालव्याच्या चारीच्या वाहत्या पाण्यात सोडली. नवऱ्याला सांगितलं नाही. आत्यांना म्हटलं, संपली.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी आत्या उठेनात. अंगात जीवच नाही, म्हणत होत्या. दुपारी उलट्या सुरू झाल्या, उठवून बसवलं की डोळे पांढरे व्हायचे. नवऱ्यानं जीप ठरवली आणि आम्ही त्यांना नगरला त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी त्यांचा हात धरला होता. तो थंडगार होता. पूड फेकल्याचं ओठांवर येत होतं आणि मी ते गिळत होते. याचा त्याच्याशी काय संबंध, असं मी स्वतःलाच समजावत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते.

आक्का थेट दवाखान्यात पोचली. सलाईन लावलेल्या आईकडं तिनं पाहिलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय घातलंस तिला खायला?"

नवरा शेजारीच होता. त्यानं तिला थांबवलं नाही. त्याच वेळी डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात कुठलं औषध नव्यानं दिलं का, किंवा बंद केलं का? आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी त्यांची पूड फेकून दिली," मी म्हणाले. "कुणाला न विचारता."

आक्का माझ्या अंगावर आलीच असती. पण डॉक्टरांनी हात वर केला आणि किती वर्षं चालू होती ते विचारलं. मग नर्सला सुई भरायला सांगितली आणि आम्हाला व्हरांड्यात घेऊन समजावलं. पूड तपासल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, म्हणाले, पण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. दुखणं चटकन थांबतं, भूक लागते, तोंड गोल होतं. आतून हाडं पोखरली जातात आणि कातडी इतकी पातळ होते की नुसत्या धरण्यानंही रक्त साकळतं. शरीराला त्याची सवय लागते. एकदम बंद केलं तर माणूस असा कोसळतो. आता तेच औषध मोजून द्यायचं आणि हळूहळू उतरवत न्यायचं. पूड द्यायच्या आधीही हाडं थोडी झिजलेली असतीलच, वय आहे, बाळंतपणं झालीत. किती वाटा कशाचा ते कुणी सांगू शकणार नाही.

मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "फेकायची नव्हती, बाई. आणायची होती. जीव गेला असता."

माझ्या संशयात तथ्य होतं, आणि त्याच संशयानं आत्यांना मारता मारता सोडलं होतं.

रात्रीची बस नव्हती म्हणून आक्का आणि मी व्हरांड्यातल्या बाकावरच बसून राहिलो. तिनं विचारलं, "म्हंजी चार वर्सं मीच तिला ते घालत हुते?"

या प्रश्नाची मी वाट बघत होते. उत्तर माझ्याकडं तयार होतं, धार लावून ठेवलेलं. तिच्याकडं पाहिलं तर ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. मी म्हणाले, "तुम्हाला काय माहीत, आक्का. मीच दुसऱ्यांना त्या पुडीचं गुणगान सांगत होते." तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू या गोड बोलण्यामागंही काहीतरी असेल.

नवऱ्यानं माझी माफी मागितली नाही. घरी आल्यावर मी आत्यांना भरवत असताना तो बाहेर जाऊन बसला, एवढंच. मला ते तेव्हा पुरलं नाही. मी बरेच महिने त्याच्याशी कामापुरतं बोलत होते.

आत्यांचं औषध उतरवायला चार महिने लागले. त्या काळात गुडघे पुन्हा दुखायला लागले. त्या रडायच्या आणि पूड मागायच्या. तेवढं दुखणं सोसणं हाच इलाज आहे, हे त्यांना सांगताना मला माझीच लाज वाटायची. दंडावरचे डाग मात्र हळूहळू येईनासे झाले. कांडवेल मी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावली होती, ती भिंत चढून गेली. तिची भाजी द्यावी का, असं डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, त्यातलं मला कळत नाही, भाजी म्हणून खाऊ द्या, गोळी सोडू नका. आत्या दोन्ही घेत राहिल्या. पाठीचा बाक गेला नाही, उंची चांगली चार बोटं कमी झाली. पण पुढं सात वर्षं त्या होत्या आणि तेवढ्या काळात त्यांचं दुसरं हाड मोडलं नाही. गोळीनं, वेलीनं, की पूड बंद झाल्यानं, हे मला विचारू नका.

आक्का लागोपाठ तीन बाजार त्या पेटीवाल्याला शोधत फिरली. तो पुन्हा तिथं बसला नाही. कुणी सांगितलं तो शेवगावकडं गेला, कुणी सांगितलं पैठणकडं. तिथं कुणाच्या आईला काय देत असेल, या विचारानं तिला झोप लागत नाही, असं ती एकदा मला म्हणाली.

आता तिचीही साठी उलटलीय. गुडघे दुखतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली पाकिटं घेऊन ती माझ्याकडं येते, समोर बसून मला ती वाचून दाखवायला लावते, काय कशाचं आहे ते विचारते. मी सगळं नीट सांगते. मग ती निघते आणि स्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात थांबून तेच पाकीट दुकानदाराकडून पुन्हा एकदा वाचून घेते. हे मला त्या दुकानदारानंच सांगितलं.